साठ नांगे

"ठिपक्याचा," भागरथाबाई म्हणाली.

मी वहीत रेघ ओढली.

"हिरवा. हिरवा. हिरवा. हिरवा. ठिपक्याचा. हिरवा. म्याडम, ध्यान हाये ना तुमचं?"

"आहे, आहे. पुढे चला."

ध्यान कुठलं असायला! सप्टेंबर सरत आला होता, चार दिवस उघडीप होती आणि धानाच्या बांधीतली वाफ पायापासून मानेपर्यंत चढत होती. वीस ओळी, ओळीत चाळीस रोपं, एकूण आठशे. ही तिसरी मोजणी. पहिल्या दोन वेळा मीच मोजली होती. आकडा पटेना, म्हणून स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडाला आणि आता भागरथाबाईने बोलायचं, मी रेघा ओढायच्या असं ठरलं. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली हे केंद्रावर सगळ्यांना ठाऊक होतं. बांधावरून चालता चालता हजार रोपांत घुसलेलं एक परकं रोप ती बोटाने दाखवायची.

"ठिपक्याचा. हा पाहा, पुरा करपून गेल्यावानी दिसते. अन म्हनता रोग नाई."

"नाहीच रोग."

"मंग काय हाये?"

"त्याचा स्वभाव आहे तो."

"असा कसा बाप्पा सभाव," ती म्हणाली आणि पुढच्या रोपाकडे वळली.

हे सत्त्याण्णव सालचं. मी सव्वीस वर्षांची होते. मूळची बार्शीकडची, ज्वारीच्या मुलखातली. धानाचं शेत बघितलं ते थेट नोकरीला लागल्यावर, पूर्व विदर्भातल्या एका धान संशोधन केंद्रावर. इथे शेताला शेत म्हणत नाहीत. चारी बाजूंनी बांध घातलेला चिखलाचा तुकडा म्हणजे बांधी. मी हे शब्द शिकले, पायात गमबूट न घालता चालायला शिकले आणि डॉ. गहाण्यांच्या हाताखाली पीएचडी करायला लागले. नोकरी हंगामी होती. पदवी मिळाली तर कायम, नाहीतर बार्शी. घरी परत गेले तर पुढे काय वाढून ठेवलंय हे मला चांगलं माहीत होतं, म्हणून मला ती पदवी हवीच होती.

डॉ. गहाणे इथलेच, चार कोसांवरच्या गावचे. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी एका गावठी बारीक धानाच्या बियाण्यावर किरणांचा मारा करून घेतला होता. त्या बियाण्यातून हजारो रोपं उगवली आणि त्यांत एक विचित्र निघालं. महिनाभराचं झालं की त्याच्या पानांवर आपोआप तपकिरी ठिपके उठायचे. जंतू नाही, बुरशी नाही, काही नाही. पानच स्वतःचे बारीक बारीक तुकडे मारून टाकत होतं. कुणीही ते उपटून फेकलं असतं. गहाण्यांनी ते ठेवलं, कारण त्या वर्षी कडा करप्याने, म्हणजे पानं कडेपासून वाळवणाऱ्या रोगाने, अख्खं केंद्र वाळलं तरी ते एक रोप उभं होतं.

"घरात एखादा म्हातारा असतो बघा," ते मला पहिल्या दिवशी म्हणाले होते. "चोर नसला तरी काठी आपटत फिरतो. त्याच्या आपटण्यात घरची चार भांडी फुटतात. पण चोरही त्या घराकडे फिरकत नाही. तसं हे रोप आहे."

भांडी फुटत होती ही खरी अडचण होती. ठिपक्यांमुळे दाणा कमी भरायचा. शेतकऱ्याला असलं धान देऊन उपयोग नव्हता. काठी कोण आपटतं आणि त्याला आवरता येतं का, एवढं शोधायचं होतं.

मोजणी संपली तेव्हा दुपार टळली होती. भागरथाबाई बांधावर बसून पाय धूत होती. मी रेघा मोजल्या. एकशे अठ्ठेचाळीस.

"कमी हायेत का?" तिने विचारलं.

"बावन्न कमी आहेत."

"आतां काय करता?"

"काय करणार? डोकं फोडून घेते."

ती हसली. एकोणीस वर्षं ती केंद्रावर रोजाने येत होती. वीस-बावीस बायकांची ती म्होरकी होती. मजुरांना कायम करण्याची यादी त्या वर्षी वर गेली होती आणि त्यात तिचं नाव होतं. यादीवर सही झाली की जन्माची ददात मिटणार होती. ते नाव यादीत आहे ना, हे ती महिन्यातून एकदा मला ऑफिसात बघून यायला लावायची.

गहाण्यांच्या खोलीत मी वही ठेवली तेव्हा ते डबा उघडून बसले होते. आकडा ऐकून त्यांनी पोळी तशीच खाली ठेवली.

"तिन्ही वेळा एकशे अठ्ठेचाळीस?"

"एकदा एकशे एकोणपन्नास. एक रोप मला नक्की कळलं नव्हतं."

हिशोब सोपा होता. ठिपक्यांच्या रोपाचा मूळच्या हिरव्या धानाशी संकर केला होता. त्याच्या दुसऱ्या पिढीत, ठिपके एकाच जनुकाचे असतील, तर दर चारांत एक रोप ठिपक्यांचं निघायला हवं. आठशेत दोनशे. दहापंधरा इकडेतिकडे चाललं असतं, पण बावन्न? एवढी रोपं काही उडून जात नाहीत.

गहाण्यांनी डब्याच्या झाकणाखालचा कागद ओढला आणि त्यावर पेन्सिलीने काहीतरी मांडलं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "आवटे, सोळांत तीन. आठशेत किती होतात?"

"दीडशे."

"अन आपले किती?"

मी वही पुन्हा उघडली. सोळांत तीन म्हणजे तेरास तीन हे प्रमाण. ते एका जनुकाने येत नाही, दोन लागतात. एक ठिपके आणणारं आणि दुसरं त्याला दाबून ठेवणारं.

"म्हाताऱ्याच्या हातची काठी काढून घेणारं घरात कुणीतरी आहे," गहाणे म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांना ते लपवायचंही सुचलं नाही. "ते सापडलं तर काठीही राहील अन भांडीही फुटणार नाहीत. आवटे, अकरा वर्षं झाली हो."

त्या दिवसापासून आम्ही दोघं हवेत होतो. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. जन्मभर दुसऱ्यांच्या वाणांची चाचणी केली, स्वतःचं असं हे एकच. त्यांनी चार दिवसांत निबंध लिहून काढला, जानेवारीच्या राष्ट्रीय परिषदेला पाठवला आणि तो मंजूरही झाला. निबंधावर माझं नाव पहिलं घातलं होतं. मी नको नको म्हणाले, पण अगदी मनापासून म्हणाले असं काही नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला बाहेरची पाहणी समिती आली. तिघंजण होते. त्यांतले दोघं सावली शोधत होते, तिसरे मात्र पक्के धानवाले निघाले. दक्षिणेकडचे, पांढऱ्या केसांचे, धोतर खोचल्यासारखी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून थेट बांधावर आले. मागून आमच्या केंद्राचे प्रमुख ठवकर साहेब छत्री धरून. भागरथाबाई आणि दोन बायका कापणीआधीचं गवत काढत होत्या.

आम्ही कडा करप्याची चाचणी दाखवली. जंतूंच्या पाण्यात कात्री बुडवून प्रत्येक रोपाच्या पानांचे शेंडे कापले होते. हिरव्या रोपांची पानं वीतभर वाळली होती, ठिपक्यांच्या रोपांची जेमतेम बोटाच्या पेराएवढी. म्हातारे खूश झाले. मग त्यांनी ओळींवरून नजर फिरवली आणि थांबले.

"एक भी पौधा मरा नहीं? एक जगह एक ही पौधा लगाया था ना?"

"हां सर, एकेक ही," गहाणे म्हणाले.

"फिर भी एक गॅप नहीं? कमाल है!"

गहाण्यांना अभिमान वाटला. त्यांनी बांधीत हाक मारली. "भागरथाबाई, साहेब विचारतात, एकही रोप कसं नाही मेलं म्हणते."

भागरथाबाई उभी राहिली. पाहुण्यांसमोर बोलायचं म्हणून तिने पदर नीट केला.

"मेले होते ना. साठेक नांगे पडले होते. भरले ना मी. बाजूच्या धानाचे परे उरले होते धुऱ्यावर, तेच लावले. नांगा ठेवत असते का कोनी बांधीत?"

रोवणीनंतर आठ-दहा दिवसांत काही रोपं मरतात. ती मोकळी जागा म्हणजे नांगा. इकडची कुठलीही रोवणारी बाई नांगा तसा ठेवत नाही. त्यासाठी उरलेल्या पऱ्यांची, म्हणजे रोपांची, एक पेंढी धुऱ्याशी, म्हणजे बांधालगत, चिखलात रोवूनच ठेवलेली असते. आमच्या बांधीला लागून मूळचं हिरवं धान होतं. पेंढी त्याची होती.

"क्या कह रही है?" पाहुण्यांनी विचारलं.

गहाणे माझ्याकडे बघत होते. मला समजलंय हे त्यांना समजलं होतं. ठिपक्यांची रोपं जन्मतःच नाजूक. साठ मेली त्यांतली बहुतेक तीच असणार, आणि त्यांच्या जागी हिरवी उभी राहिली होती. बावन्न रोपं उडून कुठेच गेली नव्हती. दुसरं जनुक वगैरे काही नव्हतं. आमच्या म्हाताऱ्याच्या हातची काठी भागरथाबाईने काढून घेतली होती.

"कह रही है," गहाणे म्हणाले, "बहुत मेहनत की है सर."

"दिखता है, दिखता है," पाहुणे म्हणाले आणि भागरथाबाईला त्यांनी हात जोडले. ती लाजून लालेलाल झाली.

समिती जेवून गेल्यावर गहाणे आणि मी पंपाच्या खोलीबाहेर पालथ्या टोपल्यांवर बसलो. त्यांनी बूट काढले होते आणि काडीने तळव्याचा चिखल खरवडत होते.

"परिषद जानेवारीत आहे," ते म्हणाले. "मार्चला मी घरी. मी गप्प बसू शकतो, आवटे. खोटं कशाला बोलू, दुपारपासून तेच मनात घोळतंय. मला पाच महिनेच गप्प बसायचं आहे. तुम्हाला तीस वर्षं बसावं लागेल."

"निबंध मागे घेतला तर?"

"तर तुमचं एक वर्ष जाईल. बी आहे, पुन्हा लावता येईल. हंगामी नोकरीला मुदतवाढ मिळवून द्यायची खटपट मी करीन, पण ठवकरांना कारण लेखी लागेल." त्यांनी काडी टाकून दिली. "एक विचारायचं होतं. नांगे भरायला तुम्ही तर सांगितलं नव्हतं ना? दुसऱ्या पिढीच्या बांधीत नांगे भरायचे नसतात. हे मी तुम्हाला सांगितलं होतं."

सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मला हिवताप भरला होता. क्वार्टरमध्ये दोन घोंगड्या पांघरून कुडकुडत पडले होते. भागरथाबाई दाराशी आली होती, डोक्यावर पोत्याची खोळ, पायाखाली पाण्याचं थारोळं. "म्याडम, तुमच्या बांधीत परे मेले. काय करू?" म्हणून तिने विचारलं होतं. आणि मी भिंतीकडे तोंड करून म्हणाले होते, "नेहमीप्रमाणे करा हो. मला बोलवत नाही." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. ती जरा वेळ उभी राहिली होती, तेही मला आठवत होतं. "तुमच्या बांधीचं येगळं असते ना, म्हून पुसलं," असंही म्हणाली होती. मी डोक्यावरून घोंगडी ओढून घेतली होती.

तीन शब्द. पण मी ते म्हणाले आहे असं कळलं असतं, तर कोणी मुदतवाढ दिली असती मला? ज्या बाईला स्वतःची बांधी सांभाळता येत नाही तिला पदवी कशाला, असं ठवकर म्हणाले असते आणि ते बरोबरच झालं असतं.

"नाही," मी म्हणाले. "मी नव्हतं सांगितलं. मी आजारी होते."

"बरं," गहाणे म्हणाले. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं. आकडे चुकीचे आहेत, निबंध मागे घ्यावा, प्रयोग पुन्हा करायची परवानगी मिळावी. सगळं खरं लिहिलं. मधे एक वाक्य होतं : 'रोवणीनंतर मजुरांनी कोणतीही सूचना नसताना बांधीतील नांगे भरल्याचे निदर्शनास आले.' सरकारी मराठीत माणसं अशी सहज दिसेनाशी होतात. 'मजुरांनी' लिहिलं, तिचं नाव लिहिलं नाही, एवढ्यावर मी स्वतःची समजूत घातली.

ठवकर साहेबांनी आठवड्याने भागरथाबाईला बोलावलं. मला आणि गहाण्यांनाही. ती दारातच थांबली. चपला बाहेर, हात ओले, कापणीतून उठून आली होती.

"आत या. त्या बांधीतले नांगे तुम्ही भरले?"

"हो साहेब. मीच भरले."

"कोणी सांगितलं होतं?"

भागरथाबाईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, प्रश्न विचारल्यासारखंही नाही. बांधीत रोप बघायची ना, ओळखीचं आहे की परकं, तसं पाहिलं. मी तोंड उघडलं असतं तर अजून वेळ होता. ठवकर टेबलावरच्या फायलीचा बंद सोडत होते, त्यांना घाई नव्हती. गहाणे खिडकीबाहेर बघत होते. मी टेबलाच्या कडेला चिकटलेलं एक जुनं पोस्टाचं तिकीट नखाने खरवडत उभी राहिले. ते निघत नव्हतं.

"कोनी नाई सांगतलं," भागरथाबाई म्हणाली. "आमी भरतोच."

"एकोणीस वर्षं काम करता अन प्रयोगाची बांधी कळत नाही तुम्हाला?"

"चुकी झाली साहेब."

"वर लेखी गेलंय. मला काहीतरी करावं लागेल."

ती गेल्यावर गहाणे ठवकरांना म्हणाले, "बाई कामाची आहे हो. एवढी काही मोठी चूक नाही." ठवकर म्हणाले, "बघतो." मी काहीच म्हणाले नाही. आमच्याकडे मूग गिळणं म्हणतात. त्या दिवशी मी पायलीभर गिळले असतील.

दिवाळीनंतर मजूर पुन्हा लागले तेव्हा भागरथाबाईचं नाव हजेरीत नव्हतं. मार्चमध्ये यादीवर सही होऊन आली. तिच्या जागी दुसरं नाव होतं.

मला मुदतवाढ मिळाली. पुढच्या खरिपात रोपं चांगली मोठी होऊन ठिपके दिसायला लागल्यावरच रोवली, मेली तीही मोजली, नांगे तसेच ठेवले. आठशेत दोनशे चार. एकच जनुक. साधं, सरळ, पुस्तकातल्यासारखं. निवृत्त झालेले गहाणे सायकलवरून ते बघायला आले, बांधावर उभं राहून म्हणाले, "चला, म्हातारा एकटाच आहे तर," आणि चहा न घेता परत गेले. दोन वर्षांनी ते वारले. त्यांच्या त्या जनुकाने आजवर तीन वाणांना कडा करप्यापासून वाचवलं आहे. ठिपके कमी करायला पुढे दुसऱ्याच वाटा सापडल्या, पण त्यात माझा हात नाही.

माझं नाव झालं ते मात्र वेगळ्याच कारणाने. मंजूर झालेला निबंध स्वतःहून मागे घेणारी पोरगी, असं झालं. ती गोष्ट विद्यापीठभर फिरली. मुलाखतीत लोक विचारायचे, "त्या तुम्हीच का?" पुढे मी शिकवायला लागले आणि दर वर्षी नव्या मुलांना कुणीतरी ती गोष्ट सांगायला मला उभं करायचं. मी सांगायचे. तेरास तीन, भरलेले नांगे, मागे घेतलेला निबंध. मुलं टाळ्या वाजवायची. वीस वर्षं सांगून सांगून ती मला पाठ झाली, आणि सांगितल्यावर दर वेळी इतका थकवा यायचा, की स्टाफरूममध्ये जाऊन टेबलावर डोकं टेकून पडायचे. लोकांना वाटायचं, मॅडमना रक्तदाब आहे.

हे सगळं नंतरचं. त्याआधी, तिचं नाव कापलं गेल्यावरच्या पहिल्याच रोवणीला, मी भागरथाबाईला भेटले होते. कुणाला सांगितलं नव्हतं ते.

केंद्रापासून तीन किलोमीटरवर तिचं गाव. मी सायकलने गेले. घरी नव्हती. शेजारणीने सांगितलं, रस्त्यापलीकडे एकाच्या बांधीत रोवायला गेली आहे. दहा-बारा बायका ओळीने वाकून मागे मागे सरकत रोवत होत्या. मी बांधावरून हाक मारली. ती सरळ झाली, कमरेवर हात ठेवून तिने पाहिलं आणि चिखलातून माझ्यापर्यंत आली. वर मात्र चढली नाही. बांधीतच उभी राहिली, हातात पऱ्यांची पेंढी.

"कशा आहात, भागरथाबाई?"

"बरी हाओ. तुमी बारीक झाले."

मी येताना बरंच काही ठरवून आले होते. कुठे कुणाला भेटायचं, अर्ज कसा करायचा, पुन्हा रोजावर घेता येईल का. ते सगळं मी भराभरा सांगितलं. ती ऐकत होती. पेंढीतली पिवळी पडलेली रोपं निवडून एकेक खाली टाकत होती.

"जाऊ द्या ना म्याडम," ती म्हणाली. "झालं ते झालं. यादीत आतां दुसरी बाई हाये. तिचं नाव कापाले लावता का?"

मग मी जे विचारायला खरं आले होते ते विचारलं.

"तुम्ही माझं नाव का नाही घेतलं? साहेबांनी विचारलं तेव्हा. मी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्हाला आठवत होतं."

"आठवत होतं ना."

"मग? माझी नोकरी जाईल म्हणून?"

भागरथाबाई हसली नाही, रागावलीही नाही. दमली होती. सकाळपासून वाकून होती आणि अर्धी बांधी अजून बाकी होती.

"तुमच्या नोकरीचं मी काहून पाहू? मले माह्यं नोतं का?" ती म्हणाली. "मी पाहिलं तुमच्याकडं. तुमी त्या टेबलाले नखं लावून उभ्या होत्या. मले दिसलं, मी नाव घेतलं का तुमी नाई म्हनान. मंग साहेब तुमचं खरं मानतीन, अन माह्यं नाव तं कटनारच. दोन साल तुमच्या संगं बांधीत होती मी. तुमाले ताप होता तं पेज करून आनली होती. तुमी माह्या तोंडावर नाई म्हनता, ते आयकाचं नोतं मले. म्हून नाई घेतलं."

बाकीच्या बायका ओळीत थांबल्या होत्या. कुणीतरी तिला हाक मारली. तिने मान वळवून "आली" म्हटलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"आतां सांगा, इथं कोनी साहेब नाई. म्हनल्या असत्या ना नाई?"

"हो," मी म्हणाले. "म्हणाले असते."

"हां," भागरथाबाई म्हणाली, आणि पेंढी काखोटीला मारून आपल्या ओळीत परत गेली.